तिसऱ्या पंगतीचा कप

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत फुटबॉलच्या एका बंद पडलेल्या स्पर्धेचा इतिहास कशाला, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. संपादक मंडळालाही तो पडलाच होता. पण मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीत फुटबॉलचा संघ. पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या आसपासच्या दुकानदारांचेही गिऱ्हाइकाकडे लक्ष नसायचे. त्यामुळे नोकरीनिमित्त आयुष्याची छत्तीस वर्षे महाराष्ट्राबाहेर, या कारखान्याच्या वसाहतीत काढली तरी डोक्यातला फुटबॉल काही गेला नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपण सगळे ॲल्युमिनियमवाले. कोणी पॉटरूममध्ये राबले, कोणी कास्ट हाऊसमध्ये, कोणी हिशेब खात्यात. ज्या स्पर्धेबद्दल मी लिहिणार आहे, तिचा सर्वात पहिला विजेता हा एका ॲल्युमिनियम कारखान्याचा संघ होता. २००५ साली वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींची बातमी आली होती. त्या चार ओळींमुळे मी पुढची दहा वर्षे या स्पर्धेचे निकाल वहीत लिहून ठेवत गेलो. ती वही समोर ठेवून हा लेख लिहितो आहे.

तीन पंगती

पूर्वी आपल्याकडे लग्नकार्यात तीन पंगती बसत. पहिलीत व्याही, जावई आणि मानाची मंडळी. दुसरीत आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी. तिसरीत वाढपी, आचारी, मांडववाले आणि घरची माणसे. तिसऱ्या पंगतीला जिलबी पोहोचेपर्यंत कधी कधी संपलेली असे, पण उपाशी कोणी उठत नसे.

आशियाई फुटबॉल महासंघाने या शतकाच्या सुरुवातीला नेमके हेच केले. महासंघाचे मुख्यालय क्वालालंपूरला. २००२ मध्ये कतारचे मोहम्मद बिन हम्माम त्याचे अध्यक्ष झाले आणि 'व्हिजन आशिया' नावाची योजना आली. तिच्यात आशियातील देशांची फुटबॉलच्या दर्जानुसार तीन गटांत विभागणी झाली : परिपक्व, विकसनशील आणि उदयोन्मुख. जपान, कोरिया, सौदी अरेबिया, इराण अशा पहिल्या गटातील देशांच्या क्लबांसाठी चॅम्पियन्स लीग. दुसऱ्या गटासाठी २००४ मध्ये एएफसी कप सुरू झाला. सिंगापूर, मलेशिया, लेबनॉन, मालदीव यांच्याबरोबर आपला भारत या दुसऱ्या पंगतीत बसला. आणि तिसऱ्या गटासाठी २००५ मध्ये प्रेसिडेंट्स कप सुरू झाला.

या तिसऱ्या पंगतीत सुरुवातीला आठ देश होते : भूतान, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान, कंबोडिया, तैवान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान. प्रत्येक देशाचा राष्ट्रीय विजेता क्लब एकेक. पुढे बांगलादेश, म्यानमार, तुर्कमेनिस्तान, मंगोलिया, पॅलेस्टाईन अशांचीही भर पडली.

आता कोणी म्हणेल, हा तर अपमान झाला. दुबळ्यांना वेगळे का बसवायचे? खेळात सगळे सारखे! मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. पण त्याआधीचे दोन निकाल पाहिले की चित्र वेगळे दिसते.

वीस आणि शून्य

फेब्रुवारी २००० मध्ये आशिया कपच्या पात्रता फेरीत कुवेत आणि भूतान यांची गाठ पडली. निकाल : कुवेत २०, भूतान ०. नव्वद मिनिटांत वीस गोल! म्हणजे साडेचार मिनिटाला एक. अशा सामन्यातून हरणारा काय शिकणार? गोलरक्षक जाळ्यातून चेंडू काढायला शिकेल, एवढेच. आणि जिंकणाराही काही शिकत नाही.

दुसरा निकाल ३० जून २००२ चा. त्या दिवशी जपानमध्ये ब्राझील आणि जर्मनी यांच्यात विश्वचषकाची अंतिम लढत होती. त्याच दिवशी थिंफूच्या मैदानावर त्या वेळच्या क्रमवारीतले तळाचे दोन देश, भूतान आणि कॅरिबियन समुद्रातले चिमुकले माँटसेराट बेट, एकमेकांशी खेळले. भूतानने तो सामना ४-० असा जिंकला. दोन वर्षांपूर्वी वीस गोल खाल्लेला देश आपल्या लोकांसमोर नाचत मैदानाबाहेर आला.

बरोबरीच्या माणसाशी खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही, हे कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतात. नव्या पोराला हिंदकेसरीच्या अंगावर कोणी सोडत नाही. त्याच्या जोडीचा गडी शोधतात. प्रेसिडेंट्स कप म्हणजे असा जोड शोधून देणारा आखाडा होता.

काठमांडूची सुरुवात

पहिली स्पर्धा २००५ मध्ये काठमांडूला झाली. तो काळ आठवा. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता हाती घेतली होती. डोंगराळ भागात माओवाद्यांशी लढाई चालू होती. अशा वेळी आठ देशांचे संघ तिथे उतरले.

सामने दशरथ रंगशाळेत. या मैदानाला एक जखम आहे. १२ मार्च १९८८ रोजी तिथे नेपाळच्या जनकपूर सिगारेट कारखान्याचा संघ आणि बांगलादेशचा मुक्तिजोद्धा संघ यांचा सामना चालू असताना गारपीट सुरू झाली. लोक आडोशासाठी दरवाजांकडे धावले आणि दरवाजे बंद होते. चेंगराचेंगरीत नव्वदहून अधिक माणसे गेली. त्याच मैदानावर सतरा वर्षांनी आशियातील नव्या स्पर्धेची पहिली शिट्टी वाजली.

यजमान नेपाळचा थ्री स्टार क्लब, भूतानचा ट्रान्सपोर्ट युनायटेड, श्रीलंकेचा ब्लू स्टार, पाकिस्तानचा वापडा, तैवानचा तायपॉवर अशी मंडळी त्यात होती. अंतिम सामना मात्र मध्य आशियातील दोघांत झाला. ताजिकिस्तानच्या रेगर-तादाझ संघाने किरगिझस्तानच्या दोर्दोई-दिनामो संघाला ३-० असे हरवले.

'तादाझ' हा काय शब्द? बातमीत तो वाचला तेव्हा मला एखाद्या खेळाडूचे आडनाव वाटले. शोध घेतल्यावर कळले की ते एका कारखान्याचे रशियन भाषेतले लघुरूप आहे : ताजिक ॲल्युमिनियम झावोद. झावोद म्हणजे कारखाना. तेव्हापासून तो संघ मला आपला वाटू लागला.

ॲल्युमिनियमचे गाव

ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे. तिच्या पश्चिमेला, उझबेकिस्तानच्या सीमेलगत तुर्सुनजोदा नावाचे गाव आहे. गावाचे जुने नाव रेगर. १९७८ मध्ये मिर्झो तुर्सुनजोदा या कवीचे नाव त्याला दिले गेले, पण फुटबॉल संघाने जुने नाव सोडले नाही. इथला कारखाना सोव्हिएत काळातला, १९७५ मध्ये सुरू झालेला. गंमत अशी की ताजिकिस्तानात ॲल्युमिनियमचा कच्चा माल नाही. अल्युमिना बाहेरून आणायची. मग कारखाना तिथे का? आपल्यातल्या कोणत्याही शिकाऊ पोरालाही उत्तर येईल : विजेसाठी! वाख्श नदीवर नुरेक येथे सुमारे तीनशे मीटर उंचीचे धरण आहे. त्याच्या विजेवर पॉटलाईन चालते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि १९९२ ते १९९७ ताजिकिस्तान यादवी युद्धात होरपळला. हजारो माणसे मारली गेली, लाखो बेघर झाली. पॉटलाईन एकदा थंड पडली की भांड्यातला धातू गोठतो आणि ती पुन्हा चालू करणे म्हणजे नवा कारखाना उभारण्यासारखे काम, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाहेर गोळीबार चालू असताना आत पाळ्या चालवणाऱ्या त्या अनोळखी सहकाऱ्यांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. युद्ध संपल्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या कारखान्याच्या नावाचा संघ आशियातील एक करंडक घेऊन घरी आला. करंडक तिसऱ्या पंगतीचा का असेना!

२००६ मध्ये स्पर्धा मलेशियातील कुचिंगला झाली. या वेळी दोर्दोईने बाजी मारली. अंतिम सामन्यात त्यांनी ताजिकिस्तानच्याच वाख्श संघाला २-१ असे हरवले. वाख्श हा कुर्गानतेप्पा शहराचा संघ. यादवीत सर्वाधिक सोसलेल्या भागांपैकी तो एक. २००७ मध्ये लाहोर. पुन्हा दोर्दोई विजेता, पुन्हा २-१. पण समोर होता नेपाळचा महेंद्र पोलीस क्लब! नेपाळमधील युद्ध २००६ च्या नोव्हेंबरातल्या करारानंतर थांबले होते. पुढच्याच वर्षी त्या देशाच्या पोलिसांचा संघ लाहोरमध्ये आशियाई अंतिम सामना खेळला. ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल?

कंपनीचे संघ, पोलिसांचे संघ

या स्पर्धेतील क्लबांची नावे नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. रेगर-तादाझ ॲल्युमिनियमवाल्यांचा. वापडा म्हणजे पाकिस्तानचे पाणी व वीज विकास प्राधिकरण. तायपॉवर ही तैवानची वीज कंपनी. महेंद्र पोलीस क्लब नेपाळ पोलिसांचा. पाकिस्तानचा के.आर.एल. हा खान संशोधन प्रयोगशाळांचा. तुर्कमेनिस्तानचा एच.टी.टी.यू. हा विद्यापीठाचा. दोर्दोई हे बिश्केकच्या बाहेरील प्रचंड बाजाराचे नाव. जहाजावरचे लोखंडी कंटेनर एकावर एक रचून त्यात दुकाने थाटली आहेत असा तो बाजार. आणि २०१२ च्या अंतिम फेरीत पोहोचलेला पॅलेस्टाईनचा अल-अमारी संघ हा रामल्लाजवळच्या एका निर्वासित छावणीचा.

म्हणजे ही स्पर्धा अब्जाधीशांच्या क्लबांची नव्हती. पाळी संपवून मैदानावर येणाऱ्या, बढतीची वाट पाहणाऱ्या, सरकारी वसाहतीत राहणाऱ्या माणसांच्या संस्थांची होती. आपल्या पिढीला हे चित्र परके नाही. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आर.सी.एफ., मध्य रेल्वे असे संघ खेळत. महिंद्राचा संघ तर २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला आणि २००७ मध्ये एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. गोव्याच्या खाणमालकांनी धेंपो आणि साळगावकर हे संघ पोसले. धेंपो २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला.

आपल्या कारखान्याचाही संघ होता, हे नव्या मंडळींना खरे वाटणार नाही. पहिल्या पाळीचे चार-पाच खेळाडू दुपारी सुटून थेट मैदानावर येत. नंतर खेळाडूंची भरती थांबली, होते ते निवृत्त झाले आणि संघ आपोआप संपला. कोणी बंद केला असे नाही. कोणी चालू ठेवला नाही. देशभर तेच घडले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बरखास्त झाला. फगवाड्याच्या जे.सी.टी. मिलचा संघ २०११ मध्ये. साळगावकर आणि धेंपो यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील आय-लीग सोडली. धेंपो २०२४ मध्ये त्या लीगमध्ये परतला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

दहा वर्षांचा हिशेब

आता वहीतला पुढचा हिशेब. २००८ ची अंतिम फेरी बिश्केकमध्ये. घरच्या मैदानावर दोर्दोई, समोर रेगर-तादाझ. १-१ अशा बरोबरीनंतर ॲल्युमिनियमवाले पेनल्टीवर जिंकले. २००९ मध्ये दुशान्बेला पुन्हा हेच दोघे आणि रेगर-तादाझ २-० ने विजयी. तिसरे विजेतेपद, एवढी विजेतेपदे दुसऱ्या कोणालाही मिळाली नाहीत. २०१० मध्ये यांगोनला म्यानमारच्या यादानारबोनने जादा वेळेत एकमेव गोल करून कप घेतला. हरणारा कोण? पुन्हा दोर्दोई! २००५ ते २०१० अशा सलग सहा अंतिम सामन्यांत खेळून दोनदा जिंकणाऱ्या आणि चारदा हरणाऱ्या या संघाच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

२०११ मध्ये तैवानच्या काओशुंग शहरात वीज कंपनीच्या तायपॉवरने कंबोडियाच्या नॉम पेन्ह क्राऊनला ३-२ असे नमवले. २०१२ मध्ये दुशान्बेच्या इस्तिक्लोलने अल-अमारीला २-१ ने. २०१३ मध्ये मलाक्का येथे तुर्कमेनिस्तानच्या बाल्कानने पाकिस्तानच्या के.आर.एल.ला १-० ने. आणि २०१४ मध्ये कोलंबोला एच.टी.टी.यू.ने उत्तर कोरियाच्या रिम्योंगसूला २-१ ने. ती शेवटची स्पर्धा.

दहा कपांपैकी ताजिकिस्तानकडे चार, किरगिझस्तान आणि तुर्कमेनिस्तानकडे दोन-दोन, म्यानमार आणि तैवानकडे एकेक गेला. आपल्या उपखंडातील एकाही देशाला तो मिळाला नाही. नेपाळ २००७ मध्ये आणि पाकिस्तान २०१३ मध्ये उंबरठ्यापर्यंत पोहोचले, इतकेच.

ज्यांच्या काळात ही स्पर्धा सुरू झाली ते बिन हम्माम २०११ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर फेकले गेले. नंतर महासंघाने ठरवले की २०१५ पासून तिसऱ्या गटातील देशांनाही पात्रता सामने खेळून एएफसी कपमध्ये येता येईल. वेगळ्या कपाची गरज उरली नाही. तिसरी पंगत उठली आणि पाने दुसऱ्या पंगतीत मांडली गेली.

वर चढलेले पाहुणे

पुढचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या पंगतीत आलेली ही मंडळी तिथे कोपऱ्यात बसून राहिली का? मुळीच नाही. पहिल्याच वर्षी, २०१५ मध्ये, इस्तिक्लोल एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. मलेशियाच्या जोहोर संघाकडून तो ०-१ असा हरला. २०१७ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत होता. २०१८ मध्ये तुर्कमेनिस्तानचा अल्तिन असिर अंतिम फेरीत गेला. भारतीय संघांनाही या काळात एक मोठा दिवस दिसला : २०१६ मध्ये बेंगळुरू एफ.सी. अंतिम फेरीत गेला आणि दोहा येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाकडून एका गोलने हरला.

मग इस्तिक्लोल पहिल्या पंगतीत, म्हणजे चॅम्पियन्स लीगमध्येही जाऊन बसला. २०२१ मध्ये त्याने सौदी अरेबियाच्या अल-हिलालला ४-१ असे हरवले. त्या वर्षी अखेर आशियाचे विजेतेपद मिळवले ते याच अल-हिलालने. नऊ वर्षांपूर्वी निर्वासित छावणीच्या संघाशी तिसऱ्या पंगतीत झुंजणाऱ्या क्लबने आशियाच्या भावी विजेत्याला चार गोल मारले!

राष्ट्रीय संघांतही तेच दिसते. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर आपण एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात याच ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले होते. सुनील छेत्रीने तीन गोल केले होते. तो कप म्हणजे राष्ट्रीय संघांसाठीची तळाची पंगत. ती जिंकल्यामुळे भारताला २०११ च्या आशिया कपमध्ये प्रवेश मिळाला. सोळा वर्षांनी, २०२४ च्या सुरुवातीला, कतारमधील आशिया कपमध्ये ताजिकिस्तान पहिल्यांदाच खेळला आणि संयुक्त अरब अमिरातीला पेनल्टीवर हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्याच स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही.

हे सगळे त्या एका कपामुळे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. इस्तिक्लोल हा ताजिक राष्ट्राध्यक्षांच्या मुलाने उभा केलेला क्लब; त्याला पैसा आणि सत्ता दोन्ही मिळाली. ज्या कारखान्याच्या संघाने वाट पाडली, त्या रेगर-तादाझला मात्र २००८ नंतर राष्ट्रीय विजेतेपद मिळाल्याचे माझ्या वहीत नाही. कंपनीचे संघ तिथेही मागे पडले. शिवाय एखाद्या सामन्यावरून कोणाला कायमचे थोर किंवा क्षुद्र ठरवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी, हिसोरमध्ये, २-१ असे हरवलेच. पण दहा वर्षे दरसाल परदेशी संघांशी खेळण्याची सवय लागली, विमानतळ, पंच, अनोळखी मैदान, पेनल्टीची धाकधूक हे सगळे अंगवळणी पडले, याचा काहीच उपयोग झाला नसेल असे कसे म्हणावे?

पुन्हा तीन पंगती, आणि आपले पान

इतिहासाची गंमत पाहा. २०२४-२५ च्या हंगामापासून आशियाई महासंघाने पुन्हा तीन पंगती मांडल्या. वरच्या दोन चॅम्पियन्स लीगच्या नावाने आणि तिसरी चॅलेंज लीग. या वेळी तिसऱ्या पंगतीत कोण बसले? कोलकात्याचा ईस्ट बंगाल! शंभर वर्षांहून जुना, लाखो चाहत्यांचा क्लब. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून तो २-३ असा हरला आणि खाली उतरला.

तिसऱ्या पंगतीचे सामने खेळायला ईस्ट बंगाल थिंफूला गेला. भूतानच्या पारो संघाशी त्याला २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली. वीस गोल खाणाऱ्या त्या भूतानच्या! पुढे ईस्ट बंगालने बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जला आणि लेबनॉनच्या नेजमेहला हरवून गटात पहिला क्रमांक मिळवला, हे त्याला भूषणावह आहे. पण मार्च २०२५ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत तुर्कमेनिस्तानच्या अर्कादागने त्याला दोन्ही सामन्यांत हरवले आणि शेवटी कपही तोच घेऊन गेला. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर कंबोडियाचा स्वाय रिएंग होता.

काही बंगाली मित्रांना यात नामुष्की वाटली. मला तसे वाटत नाही. पंगत तिसरी आहे म्हणून लाज वाटू नये. लाज वाटावी ती वीस वर्षे दुसऱ्या पंगतीत बसून, ताटाकडे न बघता, पहिल्या पंगतीतले काय जेवत आहेत याचीच चर्चा करत राहिल्याची. २००५ मध्ये आपण त्या आठ देशांकडे वरून पाहिले. त्यांच्या स्पर्धेची बातमी चार ओळींत संपवली. तेवढ्या काळात ते जेवून उठले आणि वर येऊन बसले.

आपल्या मैदानापुरते

आता थोडे घरचे. आपल्या उत्सवात दहा दिवस चित्रकला, संगीत खुर्ची, रांगोळी, अंताक्षरी होते. बक्षिसे बहुतेक आपल्याच वसाहतीतील मुलांना मिळतात. वसाहतीच्या भिंतीपलीकडे कंत्राटी कामगारांच्या वस्त्या आहेत. तिथली मुले आरतीला येतात, प्रसाद घेतात, विसर्जनाला ट्रॅक्टरमागे नाचतात. पण आपल्या स्पर्धांत त्यांचे नाव नसते. फुटबॉल त्यांना येतो. रोज संध्याकाळी राखेच्या बंधाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत ती अनवाणी खेळताना मी पाहतो. आपल्या शाळेच्या संघाशी त्यांचा सामना लावला तर पहिल्या वर्षी कदाचित दहा गोल खातील, कारण त्यांना बूट नाहीत, शिकवणारा नाही. मग पुन्हा येणार नाहीत.

म्हणून समितीपुढे माझी नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षीपासून उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात त्या आठ वस्त्यांच्या मुलांची आपसांत एक छोटी स्पर्धा घ्यावी. आठच संघ, दोन गट, उपांत्य आणि अंतिम. काठमांडूला २००५ मध्ये झाली तशीच. बूट आणि चेंडू यांचा खर्च आम्ही निवृत्त मंडळी वर्गणी काढून उचलू. जुन्या संघातले तिघे-चौघे अजून इथेच आहेत; गुडघे दुखत असले तरी शिट्टी वाजवता येते. आणि स्पर्धेचा विजेता तिसऱ्या वर्षापासून आपल्या शाळेच्या संघाशी खेळेल, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. वेगळी पंगत मांडायची तर वर येण्याची वाटही त्याच वेळी मोकळी ठेवली पाहिजे. नाहीतर तो निव्वळ भेदभाव ठरेल.

करंडक मोठा नको. आपल्याच कास्ट हाऊसमध्ये ओतलेला, ॲल्युमिनियमचा, हातभर उंचीचा चालेल.

गणपती बाप्पा मोरया!